परदेशी विक्रेत्याला ‘टीटी’: कागद कोणासाठी, जोखीम कोणाची

परदेशातील विक्रेत्याचा माल संकेतस्थळावर पाहायचा, ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर भाव ठरवायचा आणि किंमत बँकेमार्फत थेट त्याच्या खात्यात पाठवायची, हा व्यवहार आता मोठ्या आयातदारांपुरता उरलेला नाही. भोसरी-चाकणच्या पट्ट्यातील सुटे भाग बनवणारे, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील वसाहतींतले लहान कारखानदार, इचलकरंजीचे यंत्रमागधारक यांना एखादा सर्व्हो ड्राइव्ह, एखादा स्पिंडल किंवा यंत्राचे नियंत्रण कार्ड हवे असते तेव्हा ते पुष्कळदा चीनमधील शेन्झेन किंवा ग्वांगझूच्या विक्रेत्याकडे मिळते, आणि तो विक्रेता बहुधा एकच अट सांगतो: तीस टक्के रक्कम ऑर्डरसोबत आणि उरलेली सत्तर टक्के माल जहाजावर किंवा विमानात चढण्यापूर्वी, दोन्ही ‘टीटी’ने. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्स्फर. तारायंत्र गेले तरी व्यापारात आणि बँकेच्या खिडकीवर आंतरराष्ट्रीय बँक हस्तांतरणाला आजही याच नावाने ओळखतात. या अटीचा अर्थ असा की माल खरेदीदाराच्या हाती पडण्यापूर्वी, किंबहुना तो विक्रेत्याच्या देशातून निघण्यापूर्वीच, त्याची संपूर्ण किंमत चुकती झालेली असते.

अशा व्यवहारात भारतीय खरेदीदाराला बँकेत जी कागदपत्रे द्यावी लागतात त्यांची संख्या पाहिली, तर आपल्या पैशावर कोणी तरी बारीक लक्ष ठेवून आहे असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज चुकीचा आहे, आणि प्रस्तुत स्तंभात मांडावयाचा मुद्दा हाच आहे की यातील जवळजवळ प्रत्येक कागद देशाच्या परकीय चलनाचे रक्षण करतो, खरेदीदाराचे रक्षण करणारा कागद त्यात नसतो.

१९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे बँकांच्या बोलण्यातील ‘फेमा’नुसार, परकीय चलन देशाबाहेर पाठवण्याचे काम रिझर्व्ह बँकेने प्राधिकृत केलेल्या बँकांमार्फतच करता येते. व्यापारासाठी माल मागवणाऱ्याकडे विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयातदार-निर्यातदार संकेतांक, म्हणजे आयईसी, असावा लागतो. विक्रेत्याचे प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे मालाचे वर्णन, किंमत, अटी आणि बँक खात्याचा तपशील देणारे कच्चे बीजक, जोडावे लागते. आणि रक्कम कशासाठी जात आहे हे सांगणारा उद्देश-संकेतांक अर्जावर लिहावा लागतो, जो आयातीपोटीच्या आगाऊ रकमेसाठी एस ०१०१ असा असतो. पुढे माल आला की सीमाशुल्क खात्याकडे दाखल झालेले बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे मालाची आवक आणि शुल्क यांची नोंद, त्या रकमेशी जुळवली जाते. ही जुळवणी २०१६ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘आयडीपीएमएस’ या संगणकीय प्रणालीत होते, जिथे बाहेर गेलेल्या प्रत्येक रकमेसमोर आत आलेल्या मालाची नोंद बसावी लागते.

या साखळीतील प्रत्येक प्रश्न असा आहे की डॉलर खऱ्या कारणासाठी गेले काय. विक्रेता खरा आहे काय, त्याच्याकडे तो माल आहे काय, बीजकावर छापलेले खाते त्याचेच आहे काय, हे प्रश्न त्यात नाहीत. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आगाऊ रकमेच्या नियमात सापडतो. अनेक वर्षे चालत आलेल्या या नियमानुसार मालासाठीची आगाऊ रक्कम दोन लाख डॉलरच्या वर असेल, तर परदेशातील नामांकित बँकेची हमी किंवा स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट मागावे लागते आणि त्यातून सूट द्यायची झाल्यास बँकेला त्यासाठी ठरवलेले धोरण पाळावे लागते. त्याखालच्या रकमेला मात्र अशी हमी सक्तीची नाही. देशाच्या चलनसाठ्याच्या दृष्टीने ही मर्यादा समजण्यासारखी आहे, पण चार हजार डॉलर ज्याच्या वर्षभराच्या नफ्याइतके आहेत त्या कारखानदाराच्या दृष्टीने ती नेमकी उलटी पडते. ज्याला धक्का सोसवतो त्याच्यासाठी हमी आणि ज्याला सोसवत नाही त्याच्यासाठी काहीच नाही, अशी ही रचना आहे.

पैसे गेले आणि माल आलाच नाही, तर फसलेल्या माणसाच्या वाट्याला दुसरा त्रास येतो. आयडीपीएमएसमधील त्याची नोंद उघडी राहते, बँक बिल ऑफ एन्ट्री मागत राहते आणि जो माल कधी निघालाच नाही त्याच्या आवकेचा पुरावा न दिल्याबद्दल त्यालाच खुलासा करावा लागतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी खरेदीदाराच्या घोषणापत्रावर बंद करण्याची मुभा बँकांना दिली, ही लहान आयातदारांच्या दृष्टीने स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र तिने कमी होतो तो कागदांचा जाच, गेलेल्या रकमेचा प्रश्न तिने सुटत नाही.

बँक हस्तांतरणात नेमके काय घडते हे समजून घेतल्याशिवाय ही रक्कम परत का येत नाही ते कळत नाही. बेल्जियममध्ये १९७३ साली १५ देशांतील २३९ बँकांनी मिळून स्थापन केलेली आणि १९७७ पासून चालू असलेली स्विफ्ट ही संस्था पैसे हलवत नाही, ती बँकांमधील संदेश हलवते. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांतून. भारतीय बँकेचे न्यूयॉर्कमधील एखाद्या बँकेत डॉलर खाते असते, ज्याला नॉस्ट्रो खाते म्हणतात. पुण्याच्या शाखेतून संदेश गेला की त्या खात्यातील शिल्लक कमी होते, विक्रेत्याच्या बँकेच्या तशाच खात्यातील शिल्लक वाढते, आणि मग शेन्झेनची शाखा विक्रेत्याच्या नावे रक्कम जमा करते. पुण्याहून शेन्झेनला जाणारा डॉलर अशा रीतीने अमेरिकेतून जातो, आणि वाटेतील प्रत्येक बँक त्या संदेशातील नावे निर्बंधित व्यक्ती व संस्थांच्या यादीशी ताडून पाहते. ही तपासणी सरकारांसाठी असते, खरेदीदारासाठी नव्हे.

रक्कम पाठवल्यावर बँक जी ‘स्विफ्ट कॉपी’ देते ती बहुतेक खरेदीदार न वाचताच विक्रेत्याला पाठवून देतात. ती एकदा नीट वाचून पाहण्यासारखी आहे. जुन्या एमटी १०३ या रचनेत, जिची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये आयएसओ २००२२ या नव्या मानकाने पूर्णपणे घेतली असली तरी जिचे नाव बँकांच्या तोंडी अजून आहे, ३२ए या रकान्यात तारीख, चलन आणि रक्कम, ५० मध्ये पाठवणारा, ५७ मध्ये लाभार्थ्याची बँक, ५९ मध्ये लाभार्थ्याचे खाते व नाव, ७० मध्ये कशाचे पैसे आहेत याचा मजकूर आणि ७१ए मध्ये शुल्क कोणी सोसायचे ते असते. या शेवटच्या रकान्यात तीनच पर्याय आहेत: ‘अवर’ म्हणजे सर्व शुल्क पाठवणाऱ्याचे, ‘शा’ म्हणजे दोघांत विभागलेले आणि ‘बेन’ म्हणजे लाभार्थ्याचे. अर्ज भरताना याकडे कोणी पाहिले नाही आणि ‘शा’ राहून गेले, की ४,००० डॉलर पाठवूनही वाटेतील बँकेने आपले २५ डॉलर कापलेले असतात, विक्रेत्याकडे ३,९७५ जमा होतात आणि उरलेल्या २५ डॉलरसाठी माल अडतो. ते २५ डॉलर वेगळे पाठवण्याचा खर्च पुन्हा तेवढाच येतो.

रुपयाच्या बाजूचा खर्चही एका ओळीत दिसत नाही. बँक आपल्या ‘टीटी सेलिंग’ दराने डॉलर विकते, जो बँकांच्या आपसातील बाजारभावापेक्षा जास्त असतो, आणि हा फरक शुल्क म्हणून वेगळा छापला जात नाही. एका डॉलरमागे एक रुपयाचा फरक पडला तर ४,००० डॉलरवर ४,००० रुपये गेले, जे पावतीवर दिसणाऱ्या शुल्काहून सहज अधिक ठरू शकतात. याशिवाय चलन बदलून देण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो: डॉलर ९० रुपयांना धरला तर ३,६०,००० रुपयांच्या व्यवहारात सेवेचे मूल्य नियमानुसार २,३०० रुपये मानले जाते आणि त्यावर १८ टक्क्यांनी ४१४ रुपये कर होतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘एफएक्स-रिटेल’ या मंचावर लहान ग्राहकालाही बाजाराच्या भावाने डॉलर घेता येतात आणि बँकेचे शुल्क त्यावर वेगळे दिसते. शाखेत टीटीचा अर्ज देणाऱ्या प्रत्येकाला हा पर्याय तोंडाने सांगितला गेला पाहिजे.

परंतु दराचा तोटा मोजता येतो आणि सोसताही येतो. खरा धोका स्विफ्ट कॉपीतील ५९ क्रमांकाच्या रकान्यात आहे. तिथे नाव आणि खाते क्रमांक दोन्ही लिहिलेले असले तरी अनेक देशांत पैसे जमा होतात ते क्रमांकावर. अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेतील ४ए-२०७ या कलमानुसार तर नाव आणि क्रमांक दोन वेगळ्या व्यक्तींचे असले आणि लाभार्थ्याच्या बँकेला ती विसंगती माहीत नसली, तर बँक केवळ क्रमांकावर विसंबू शकते. युरोपातील आयबॅन, म्हणजे देशाची दोन अक्षरे, दोन तपासणी अंक आणि त्यापुढे देशांतर्गत खाते क्रमांक मिळून होणारा, जास्तीत जास्त ३४ चिन्हांचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, अधिक सुरक्षित वाटतो, कारण त्यातील एक अंक चुकला तरी ९७ ने भागण्याचा ठरलेला हिशेब जुळत नाही आणि संदेश अडतो. मात्र ही तपासणी क्रमांक नीट लिहिला आहे एवढेच सांगते, तो कोणाचा आहे हे सांगत नाही. चीन आणि अमेरिका आयबॅन वापरतही नाहीत.

याच फटीतून ईमेलद्वारे होणारी फसवणूक शिरते. भाव ठरलेला असतो, तीस टक्के खऱ्या विक्रेत्याला पोहोचलेले असतात, आणि सत्तर टक्के पाठवण्याच्या आधी एक पत्र येते की जुन्या खात्याचे लेखापरीक्षण चालू आहे, तरी या वेळी रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावी. पत्रावर तेच बोधचिन्ह, तीच सही, मागील पत्रव्यवहार खाली जोडलेला. फरक असतो तो पत्त्यात, जिथे रोमन ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहिलेले असतात आणि मोबाइलच्या पडद्यावर ते एकच अक्षर वाटते. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात व्यावसायिक ईमेलच्या अशा फसवणुकीच्या २१,४८९ तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसान २.९ अब्ज डॉलरहून अधिक होते. शेन्झेनच्या कंपनीचे खाते हाँगकाँगमध्ये असणे ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे खात्याचा देश वेगळा दिसला तरी खरेदीदाराला शंका येत नाही, आणि इतर कारणांनी तिसऱ्या पक्षाच्या खात्यात पैसे देण्याची सोय नियमांतच असल्यामुळे योग्य कागद जोडलेले असले तर बँकेलाही थांबण्याचे कारण मिळत नाही. खाते बदलल्याचे पत्र आले की पूर्वीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर, पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, बोलून खात्री केल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये, एवढा एक नियम पाळला तरी या प्रकारातील बहुतेक हानी टळते.

रक्कम गेल्यानंतर बँक रद्द करण्याची विनंती पाठवू शकते, पण ती विनंतीच असते. परदेशी खात्यात जमा झालेली रक्कम त्या खातेदाराच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या वा तपासयंत्रणेच्या आदेशाशिवाय परत फिरत नाही. कार्डाने दिलेल्या पैशाबाबत माल न मिळाल्याची तक्रार करून रक्कम परत मागण्याची जी व्यवस्था आहे, तिच्यासारखे काहीही टीटीला नाही. फसवणूक लक्षात येताच त्याच तासात बँकेला लेखी कळवणे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. मात्र देशांतर्गत खाते गोठवणे आणि हाँगकाँगमधील खाते गोठवणे यांत फार अंतर आहे.

आधी पैसे देणारा आणि मागाहून माल मिळण्याची वाट पाहणारा ज्या जोखमीत सापडतो ती बँकांना नवी नाही, आणि ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतील कोलोन येथील हेरश्टाट ही बँक दिवसाचे जर्मन व्यवहार आटोपल्यावर अधिकाऱ्यांनी बंद केली. त्या दिवशी अनेक बँकांनी तिला मार्क देऊन टाकले होते आणि त्याबदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते, जिथे तेव्हा कामाचा दिवस अजून सरलेला नव्हता. ते डॉलर त्यांना मिळाले नाहीत. एकाने दिले आणि दुसऱ्याने दिलेच नाही, अशा या जोखमीला बँकविश्वात आजही हेरश्टाटचे नाव आहे. त्या वर्षाअखेर बँकांच्या पर्यवेक्षणासाठीची बासेल समिती स्थापन झाली, आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या सीएलएस या संस्थेने प्रमुख चलनांसाठी अशी व्यवस्था उभी केली की एका चलनातील रक्कम हलते ती दुसऱ्या चलनातील रक्कम हलते त्याच क्षणी, अन्यथा दोन्ही जागच्या जागी राहतात. भारतात बँकांच्या आपसातील डॉलर-रुपया सौद्यांच्या पूर्ततेची हमी त्याच वर्षीपासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते. बँकांनी स्वतःपुरता हा प्रश्न ओळखला, त्यासाठी जवळजवळ तीन दशके खर्च केली आणि तो सोडवला. त्यांच्या ग्राहकाला मात्र त्या आजही त्याच जागी उभे ठेवतात जिथे त्या स्वतः १९७४ साली उभ्या होत्या.

ग्राहकासाठी उपाय मुळीच नव्हते असे नाही. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, हे तर याच प्रश्नाचे जुने उत्तर आहे: खरेदीदाराची बँक विक्रेत्याला वचन देते की मालाच्या रवानगीची ठरलेली कागदपत्रे सादर झाली तरच पैसे मिळतील, आणि हे व्यवहार पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नियमावलीने, २००७ पासून यूसीपी ६०० या आवृत्तीने, चालतात. पण एलसी उघडण्याचे शुल्क, त्यासाठी अडकणारी ठेव आणि कागदातील एखाद्या किरकोळ विसंगतीने होणारा विलंब यांमुळे चार-पाच हजार डॉलरच्या ऑर्डरला तो मार्ग परवडत नाही, आणि लहान ऑर्डरसाठी विक्रेताही तो मान्य करत नाही. मालाची पोच होईपर्यंत रक्कम राखून ठेवणाऱ्या व्यवस्था मोठ्या विक्रीमंचांवर आहेत. अलीबाबाच्या मंचावर ‘ट्रेड अ‍ॅशुरन्स’ २०१५ पासून आहे. थोडी सूट देऊन ‘मंचाबाहेर टीटी करा’ असे सुचवणारा विक्रेता खरेदीदाराला नेमके त्या संरक्षणाबाहेर बोलावत असतो. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सीमापार देयक-संकलकांसाठी, म्हणजे विक्रेत्यांच्या वतीने ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थांसाठी, जी चौकट आखली तिने या मार्गाने घेता येणाऱ्या वस्तूची मर्यादा प्रतिनग २५ लाख रुपयांपर्यंत नेली, जी आयातीसाठी पूर्वी २,००० डॉलर होती. ही सुधारणा योग्य दिशेची आहे, कारण तिच्यामुळे मधल्या रकमेच्या खरेदीला टीटीखेरीज दुसरा नियमित रस्ता मिळतो.

जी-२० देशांनी सीमापार देयकांसाठी २०२७ अखेरची जी उद्दिष्टे ठरवली आहेत त्यांत तीन-चतुर्थांश व्यवहारांची रक्कम एका तासात पोहोचावी आणि किरकोळ व्यवहारांचा सरासरी खर्च एक टक्क्यावर यावा असे म्हटले आहे. या उद्दिष्टांतील वेग, कमी खर्च, उपलब्धता आणि पारदर्शकता या चारही बाबी इष्ट आहेत, परंतु चुकीच्या खात्यात जाणारी रक्कमही त्याच वेगाने पोहोचणार आहे, आणि ती परत मागण्यासाठी आज जे एक-दोन दिवस हाती असतात तेही उरणार नाहीत. म्हणून वेगाच्या आधी नावाची पडताळणी यायला हवी. युरोपीय संघात युरोचलन वापरणाऱ्या देशांतील बँकांना ९ ऑक्टोबर २०२५ पासून रक्कम पाठवण्यापूर्वी खात्याचे नाव जुळते की नाही हे ग्राहकाला दाखवणे बंधनकारक आहे, आणि भारतात एनईएफटी व आरटीजीएससाठी तशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचे आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिले होते. देशात ५,००० रुपये पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव दिसावे आणि देशाबाहेर पाच लाख पाठवणाऱ्याला दिसू नये, याचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने करता येत नाही.

परदेशी बँकांनी नाव दाखवण्याची व्यवस्था होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, कारण उपयोगी माहितीचा एक मोठा साठा भारतातच पडून आहे. कोणत्या आगाऊ रकमेसमोर माल आला आणि कोणत्या रकमेसमोर वर्षानुवर्षे काहीच आले नाही, हे आयडीपीएमएसला माहीत आहे. ती रक्कम कोणत्या परदेशी खात्यात गेली हे पाठवणाऱ्या बँकेच्या नोंदीत आहे. या दोन नोंदी एकत्र आणल्या, तर तीन वेगवेगळ्या शहरांतील तीन खरेदीदारांनी ज्या खात्यात पैसे पाठवले आणि ज्यांच्यापैकी कोणालाही माल मिळाला नाही, ते खाते चौथ्या खरेदीदाराच्या अर्जावर आले की बँकेला त्याच क्षणी कळू शकते. उशिरा आलेला माल, कागदातील चूक किंवा खरेदीदाराने स्वतःच न सोडवून घेतलेली पेटी यांमुळे एखाद्या प्रामाणिक विक्रेत्यावर ठपका येऊ शकतो हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच अशी सूचना व्यवहार रोखणारी नसावी. ती खरेदीदाराला दाखवली जावी, त्याची लेखी पोच घ्यावी, आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. खातेदाराच्या गोपनीयतेचा प्रश्नही इथे येत नाही, कारण विक्रेत्याचे नाव वा शिल्लक उघड करायची नसते, आपल्या देशातून त्या क्रमांकावर गेलेल्या पैशाबदल्यात माल आला नाही एवढेच सांगायचे असते. ही जोडणी करण्याचा अधिकार आणि सामग्री दोन्ही रिझर्व्ह बँकेकडे आहेत, आणि आयातदाराकडून बिल ऑफ एन्ट्री मागण्याची सक्ती ज्या परिपत्रकांनी होते त्यांतच आणखी एका परिच्छेदाने ती होऊ शकते.